उकळलेलं ताक आणि बोनटवरचा डबा

देवासला मी जिवंत जिवाणू मोजायची नोकरी करत होते. असं सांगितलं की धारमधले आमचे नातेवाईक विचारायचे, "आणि बँकेची परीक्षा देणार होतीस तिचं काय झालं?" जिवाणू ही मोजायची गोष्ट आहे हेच कुणाला पटत नव्हतं. मला मात्र त्या कामाचं वेड लागलं होतं.

आमच्या कारखान्यात पोटासाठीच्या कॅप्सुली बनायच्या. त्यांत दह्यातल्या जिवाणूंच्याच भाऊबंदांतली एक नाजूक जात, वाळवून भरलेली. माझं काम एवढंच की कॅप्सूल फोडायची, भुकटी पाण्यात घोळवायची, त्यातला थेंब आणखी पाण्यात, त्यातला थेंब आणखी पाण्यात, आणि शेवटचा थेंब काचेच्या बशीत, जिवाणूंना आवडणाऱ्या खळीवर पसरायचा. मग त्या बश्या एका बरणीत रचून आत मेणबत्ती पेटवायची आणि झाकण घट्ट लावायचं. मेणबत्ती आतली हवा खाऊन विझायची, आणि आमच्या जिवाणूंना हवं तसं वातावरण तयार व्हायचं. दोन दिवसांनी बशीवर पांढरे ठिपके उगवायचे. एक ठिपका म्हणजे मूळचा एक जिवंत जीव. ठिपके आले तर माल पास, नाही आले तर फेल. आमच्या साहेबांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "मुर्दा माल नहीं चलेगा." मलाही ते अगदी तोंडपाठ झालं होतं, आणि पुढे त्यानंच माझा घात केला.

ही सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. दादा तेव्हा गंधवानीच्या शाळेत शिक्षक होता आणि रोज धारहून बसनं जायचा-यायचा. जायला अडीच तास, यायला अडीच तास. त्या वर्षी त्याच्या मोठ्या आतड्याला सूज आली आणि जखमा झाल्या. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की शरीराची राखण करणाऱ्या पेशीच बिथरल्या आहेत, त्या स्वतःच्याच आतड्यावर उठल्या आहेत. त्यांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की खाण्यापिण्यात जपा, सगळं उकळून द्या.

दुखणं पोटाचं होतं, पण खरी अडचण बसची होती. दादाला दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागे, आणि तेही अचानक. भर रस्त्यात बस थांबवायची, पन्नास माणसांच्या देखत पाण्याची बाटली घेऊन झुडपांमागे जायचं, आणि परत येऊन त्याच पन्नास माणसांमध्ये बसायचं. त्यांत त्याचे विद्यार्थी असायचे, त्यांचे आईबाप असायचे. दादा मानी माणूस. रजा संपत आल्या तेव्हा त्यानं राजीनामा लिहून कपाटात वर्तमानपत्राच्या घडीखाली ठेवला. दिवाळीपर्यंत जमलं तर जमलं, नाहीतर तो कागद द्यायचा, असं त्यानं वहिनींना सांगितलं होतं आणि वहिनींनी मला. घरात दुसरी मिळकत नव्हती, पण त्याहीपेक्षा शिकवणं सुटलं तर दादाचं काय होईल याची मला भीती वाटायची. शाळेव्यतिरिक्त त्याला काही येत नव्हतं आणि आवडतही नव्हतं.

वहिनी मूळच्या देवासच्या. त्यांचे वडील जळगावकडून कारखान्यात नोकरीला आलेले, त्यामुळे त्या तिथल्या कॉलनीत वाढल्या होत्या. म्हणजे मी धारहून देवासला गेले आणि त्या देवासहून धारला आल्या, असा आमचा अदलाबदलीचा मामला. आमच्या घरातलं जुन्या वळणाचं मराठी त्यांना लग्नानंतर शिकावं लागलं. मला त्या 'वन्सं' म्हणायच्या, आणि तो शब्द त्यांच्या तोंडी कायम थोडा नव्या चपलेसारखा वाजायचा.

तर एका रविवारी मी धारला गेले, तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात ताक उकळत होत्या. चिमूटभर तांदळाचं पीठ लावून, मीठ आणि जिरं घालून. फोडणी नाही, मिरची नाही. मी विचारलं, हे काय.

"डॉक्टर बोलले ना, सगळं उकळून द्या. मग मी ताकपण उकळते. महिना झाला. सकाळ-संध्याकाळ एकेक पेला देते," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर काहीतरी सांगायचं असल्यासारखं हसू होतं. पण मी कुठली थांबतेय.

"अहो वहिनी, डॉक्टरांनी पाणी उकळायला सांगितलं असेल. ताक उकळल्यावर त्यात उरलं काय? ताकात जे कामाचं असतं ते जिवंत असतं. तुम्ही दादाला मेलेल्या जिवाणूंचं पाणी पाजताय. आमच्याकडे हा माल आला असता तर मी सरळ फेल केला असता."

मी हे हसत हसत म्हटलं होतं. हसत म्हटलेलं जास्त लागतं हे कळायचं माझं वय नव्हतं, असं म्हणायला हरकत नाही, पण ते खोटं होईल. मी चांगली सव्वीस वर्षांची होते. मला माझं शहाणपण दाखवायचं होतं.

वहिनी "बरं" म्हणाल्या. गॅस बंद केला आणि पातेलं मोरीत ओतलं. त्यानंतर त्या घरात ताक कधी उकळलं गेलं नाही.

पुढच्या आठवड्यापासून मी देवासहून कॅप्सुली पाठवायला सुरुवात केली. दादानं इंदूरच्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, गोळ्या सोडायच्या नाहीत, बाकी हे घ्यायचं तर घ्या, नुकसान नाही. कॅप्सुली थंड ठेवाव्या लागत. मी दर पंधरा दिवसांनी फ्रिजमधून काढून त्या स्टीलच्या डब्यात घालायचे, आमच्याकडच्या बाग गावच्या छापाच्या फडक्यात डबा बांधायचे आणि इंदूरमार्गे धारला जाणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे द्यायचे. तेव्हा आमच्याकडे सगळं असंच जायचं. लोणचं, औषधं, लग्नाच्या पत्रिका, चष्मे. हा कंडक्टर आमच्या घरचाच झाला होता. धारच्या स्टँडवर दादा डबा उतरवून घ्यायचा आणि परतीच्या फेरीला वहिनी त्याच डब्यात काहीतरी घालून पाठवायच्या. त्यांनी रिकामा डबा कधीच पाठवला नाही.

तीन-चार आठवड्यांत दादाला फरक पडला. आठ वेळांचं तीनवर आलं. दसऱ्याच्या सुमाराला तो एक अख्खा आठवडा मध्ये कुठेही न उतरता गंधवानीला जाऊन आला. भाऊबीजेला मी धारला गेले तेव्हा ओवाळून झाल्यावर त्यानं कपाटातून तो राजीनामा काढला, सगळ्यांसमोर फाडला आणि म्हणाला, "हिच्या कॅप्सुलींनी माझी नोकरी वाचवली." वहिनी तेव्हा ताटं वाढत होत्या. त्यांनी मला एक करंजी जास्तीची वाढली. मी फुशारून गेले होते, मी ती खाल्ली.

एप्रिलमध्ये मला सलग सुट्टी मिळाली आणि मी डबा घेऊन स्वतःच त्या बसनं निघाले. चढताच कंडक्टरनं माझ्या हातातून डबा घेतला, दोन्ही हातांनी नीट धरून पुढे नेला आणि ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाच्या बोनटवर ठेवला. वर आपला स्वतःचा गमछा टाकला.

मी म्हटलं, "भैया, वहाँ क्यों?"

"दीदी, आपका डब्बा तो मैं हमेशा यहीं रखता हूँ. सबसे सेफ जगा है. यहाँ कोई हाथ नी लगाता."

कुणी हात लावणार नाही हे खरंच होतं. मी लावून पाहिला आणि झटकन मागे घेतला. त्या जुन्या बसचं बोनट तव्याइतकं तापलेलं होतं. त्यावर चार तास. आणि हे गेले सात महिने चाललेलं. त्या माणसानं माझ्या कॅप्सुलींना बसमधली मानाची जागा दिली होती आणि त्या तिथे भाजून निघत होत्या. रागवायचं कुणावर? मी डबा मांडीवर घेतला तेव्हा तो जरा दुखावलाच.

धारला पोचल्यावर घरच्या फ्रिजमधली दादाची एक जुनी उरलेली पट्टी मी गुपचूप पर्समध्ये टाकली. देवासला परतल्यावर तिच्यातल्या कॅप्सुली फोडल्या, आणि शेजारी त्याच मालातल्या, आमच्या फ्रिजमध्ये राहिलेल्या कॅप्सुली. दोन्हींच्या बश्या एकाच बरणीत, एकाच मेणबत्तीखाली. दोन दिवसांनी फ्रिजवाल्यांच्या बशीवर ठिपक्यांची नुसती गर्दी, आणि दादाच्या बशीवर काही नाही. एकही ठिपका नाही. मी ती बशी उजेडात धरून तिरकी केली, भिंगाखाली पाहिली, दोन दिवस आणखी ठेवली. ती तशीच कोरी.

म्हणजे दादा सात महिने मुर्दा माल खात होता, आणि बरा होत होता.

मी हे घरी सांगितलं नाही. सांगितलं तर दादाचा धीर सुटेल अशी मी स्वतःची समजूत घातली. त्यानंतर डबा बर्फाच्या थर्मासमध्ये पाठवू लागले आणि कंडक्टरला सांगितलं की मागच्या सीटखाली ठेव. त्याच्या दृष्टीनं ही डब्याची बेअब्रू होती, पण त्यानं ठेवला. आता दादाला जिवंत जिवाणू मिळू लागले. मी वाट पाहत होते की आता तो आणखी सुधारेल. काहीच फरक पडला नाही. जसा होता तसाच बरा राहिला. मग तर माझं डोकं खाजायलाच लागलं. मेलेल्यांनी आणि जिवंतांनी सारखंच काम केलं, की दोघांनीही काही केलंच नाही?

साहेबांना मी दादाचं नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, "गोली ने ठीक किया होगा. या अपने आप हुआ. मुर्दा क्या करेगा?" हे उत्तर बरोबर असण्याची दाट शक्यता होती. इंदूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या दादानं एक दिवसही चुकवल्या नव्हत्या. पण एकदा प्रश्न पडला की तो काही साहेबांच्या उत्तरानं जात नाही. मी बश्या मोजता मोजता फेल गेलेल्या मालाकडे वेगळ्या नजरेनं बघू लागले. हे मेलेत हे कबूल, पण ते नाहीसे तर झालेले नाहीत. त्यांची कातडी आहे, आतला ऐवज आहे. बशी फक्त एकच प्रश्न विचारते, तुला वाढता येतं का? बाकी तिला काही विचारता येत नाही.

उत्तराच्या जवळपास जाणारं काहीतरी मला सहा-सात वर्षांनी मिळालं. तोवर देवासमध्ये इंटरनेटची दुकानं झाली होती, लाकडी फळ्यांच्या कप्प्यांमध्ये एकेक कॉम्प्युटर. कामाचं दुसरंच काही शोधताना एका लेखाचा सारांश समोर आला आणि मी खुर्चीतून उठून तो उभ्यानंच वाचला. विषय हाच होता, पोटाला उपकारक जिवाणू, त्यांचा डीएनए आणि आतड्याची सूज. त्यानंतर त्या विषयावरचं जे जे सापडलं ते मी वाचत सुटले.

मला कळलं ते असं. जिवाणू मेला, फुटला की त्याच्या आतला डीएनएचा धागा बाहेर पडतो. आपल्याही पेशींत तसाच धागा असतो, अक्षरंही तीच चार. पण अक्षरांची एक ठरावीक जोडी आपल्या धाग्यावर बहुतेक ठिकाणी रासायनिक टोपी घालून बसलेली असते, आणि जिवाणूंच्या धाग्यावर ती बोडकी असते. आपल्या राखणदार पेशींच्या पोटात एक ग्राहक प्रथिन, म्हणजे रिसेप्टर, असतं, ते नेमकी ही बोडकी जोडी ओळखतं. दारातल्या चपलांवरून घरात कोण आलंय हे कळावं तसं. माणूस समोर असायची गरज नाही.

आता यात मला सर्वांत नवल वाटलं ते पुढे आहे. परक्याची चाहूल लागली तर पेशींनी आरडाओरडा करायला हवा, सूज वाढायला हवी. आणि रक्तात वगैरे तसं होतंही. पण आतड्यात, या ओळखीच्या जिवाणूंच्या धाग्यानं, उंदरांची सूज उतरलेली दिसली होती. ज्या उंदरांत ते ग्राहक प्रथिनच नव्हतं, त्यांना उपयोग झाला नाही. धागा आधी कापून टाकला तरी उपयोग झाला नाही. किरणांनी मारलेले जिवाणू, ज्यांना माझ्या बशीवर शून्य गुण मिळाले असते, त्यांनी जिवंतांइतकंच काम केलं. तीच खूण एका ठिकाणी भांडण लावते आणि दुसऱ्या ठिकाणी मिटवते, असं का, हे नीट कुणालाच सांगता येत नव्हतं. मला फार आनंद झाला. इतकी वर्षं बाळगलेला प्रश्न खुळचट नव्हता म्हणून झाला.

त्या आनंदात मी प्रिंटआउट काढला आणि पुढच्या रविवारी धार गाठलं. दादाची तोवर धारच्याच शाळेत बदली झाली होती. मधून मधून दुखणं डोकं वर काढायचं, पण बसचा जाच संपला होता. तो ओसरीवर वह्या तपासत होता. वहिनी उंबऱ्याशी बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या. मी दादाला सगळं सांगून टाकलं. बोनट, कोरी बशी, थर्मास, आणि मग हा धागा.

दादा रागावेल असं वाटलं होतं. तो आधी खूप हसला, मग विज्ञानाच्या मास्तरासारखा विचारायला लागला. "पोटातलं आम्ल त्या धाग्याचं काही करत नाही? तो पेशीच्या आत शिरतो कसा? आणि आपले स्वतःचेच कोट्यवधी जिवाणू आत मरत असतील रोज, मग त्यांचे धागे का नाही पुरत?" यांतल्या दोन प्रश्नांना मला अर्धवट उत्तर देता आलं, तिसऱ्याला अजिबात नाही.

आमचं हे चाललं असताना वहिनींचे हात थांबले होते. त्या म्हणाल्या, "वन्सं, मग माझं ताक?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"म्हणजे ते मेलेलं होतं म्हणून बेकार, असं तुम्ही बोलल्या होत्या ना. आता तुम्हीच सांगताय की मेलेलंपण काम करतं."

मी प्रिंटआउट चाळल्यासारखं केलं. त्यात होतं ते मला पाठ होतं. एका प्रयोगात किरणांनी मारलेल्यांनी काम केलं होतं, पण उष्णतेनं मारलेल्यांनी नाही. हे सांगून मी सुटू शकत होते. पण माझ्या कॅप्सुली तरी कशानं मेल्या होत्या? बोनटवर भाजूनच. वहिनींचं ताक आणि माझ्या कॅप्सुली एकाच पंक्तीला बसत होत्या. कॅप्सुलींना मान मिळाला, राजीनामा फाडून मिळाला, आणि ताक मोरीत गेलं.

"मला माहीत नाही, वहिनी," मी म्हटलं. त्या घरात हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होते. "उंदरांचं वेगळं, माणसांचं वेगळं. कदाचित गोळ्यांनीच सगळं केलं असेल. तुमच्या ताकानं काही केलं की नाही हे आता कळायला मार्ग नाही."

"मला थोडंसं माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "त्या हप्त्यात गुरुवारी हे मध्ये उतरले नाहीत. शुक्रवारी नाही, शनिवारीपण नाही. तीन दिवस. मी कॅलेंडरवर टिंब करत होते. रविवारी तुम्ही आल्या. मी तुम्हाला तेच सांगणार होते, म्हणून तर ताक तुमच्यासमोर चढवलं होतं."

मी दादाकडे पाहिलं. तो वहीच्या पानावर लाल पेन टेकवून बसला होता. "तीन दिवसांनी काय ठरतं, असं वाटलं मला," तो म्हणाला. "नंतर तुझी एवढी धडपड चालली होती, मग नाही बोललो."

मला लाज वाटली हे सांगायलाच हवं. एकेक बशी चार-चार वेळा मोजणारी मी, जी बाई रोज बघत होती, रोज टिंब करत होती, तिला एक प्रश्न विचारला नव्हता. आता तो माल हाती नव्हता, ते कॅलेंडरही केव्हाच रद्दीत गेलं होतं. फक्त तिला आठवत होतं. मी प्रिंटआउट उलटा केला, पाठीमागची कोरी बाजू वर घेतली आणि दादाचा लाल पेन मागून घेतला.

"वहिनी, ताक किती वेळ उकळायचात?"

त्यांनी आधी माझ्याकडे नीट पाहून घेतलं, मी चेष्टा तर करत नाही ना म्हणून. मग म्हणाल्या, "जास्त नाही. पहिली उकळी दिसली की उतरवायचे. नाहीतर फाटतं."

मी लिहिलं. "ताक ताजं की आदल्या दिवशीचं?"

"ताजं. सकाळी घुसळलेलं."

"आणि पेला केवढा?"

वहिनी मांडीवरचे घाटे सुपात ओतून उठल्या, आत गेल्या आणि तो पेला घेऊन आल्या.